इटलीचा सराव, पळसदरीमार्गे

शनिवारी सकाळी साडेसहाला मी इटलीच्या तयारीसाठी कर्जतहून कळंबकडे निघाले. गाडी लष्कराच्या डिस्पोजलमधली जुनी जीप होती. तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं आणि मागच्या फळीवर पांढऱ्या रंगात 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं लिहिलेलं होतं. माझ्या उजव्या हाताची सीट रिकामी होती. ती रिकामी ठेवण्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

कारण सांगते. अकरा वर्षांपूर्वी मी आणि माझे यजमान एका टूर कंपनीबरोबर युरोप बघायला गेलो होतो. इटलीच्या उत्तरेला डोलोमाइट नावाचे डोंगर आहेत. तिथल्या एका गावात बस वीस मिनिटं थांबली. मला एका दुकानात गाईच्या गळ्यातली पितळी घंटा दिसली. दुकानदाराने सांगितलेली किंमत मान्य करणं मला शक्य नव्हतं. त्याला मराठी येत नव्हतं, मला इटालियन येत नव्हतं, त्यामुळे घासाघीस बोटांवर चालली, आणि बोटांवर वेळ जास्त लागतो. मी बसपाशी परत आले तेव्हा तेरा मिनिटं उशीर झाला होता. घंटाही घेतली नव्हती.

टूर मॅनेजरने माइकवर जाहीर केलं की या उशिरामुळे आता पोर्दोईच्या खिंडीत थांबता येणार नाही. उशिरा येणाऱ्याने गाणं म्हणायचं हा बसचा नियम होता, तोही त्याने सांगितला. मी गाणं म्हटलं. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यात माझे यजमान होते. ज्या खिंडीसाठी मी ती टूर निवडली होती ती काचेपलीकडून निघून गेली. तिथे गवतात माणसं उभी राहून समोरचे कडे बघत होती. त्यांना कोणी गाडीत बोलावत नव्हतं.

टूर मॅनेजर परका माणूस, त्याला मी सोडून दिलं. यजमानांच्या टाळ्यांचं तसं नाही. मी त्यांना तेव्हा विचारलं होतं, का वाजवल्यात? ते म्हणाले, "सगळे वाजवत होते."

तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की त्या खिंडीत स्वतः गाडी चालवत जायचं, एकटीने जायचं आणि मला वाटेल तेवढा वेळ उभं राहायचं. यंदा ते ठरवलं. मी कळंब रस्त्याला रोपवाटिका चालवते. बावीस वर्षांपूर्वी तगर आणि जास्वंदीच्या पिशव्या हातगाडीवर विकत होते, आज आसपासच्या निम्म्या फार्महाऊसची हिरवळ माझ्याकडची आहे. रोपांचा टेंपो मी स्वतः चालवते. पाच दिवस रोपवाटिका माझ्यावाचून चालेल, असं मी कामगारांना सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं, हे मला आवडलं नाही.

कॉम्प्युटरची कामं माझी पुतणी पल्लवी करते. तिने सप्टेंबरचे पाच दिवस काढले, गाडी भाड्याने बघितली, खिंडीच्या पायथ्याच्या गावात एका बाईंचं घर बघितलं. त्या बाई खोल्या भाड्याने देतात. मी पल्लवीकरवी त्यांना विचारलं, मला नाश्ता नको, किती कमी कराल? उत्तर आलं, नाश्त्याचे पैसे आम्ही घेत नाही. मी विचारलं, मग तो न खाल्ल्याबद्दल किती कमी कराल? उत्तर आलं, काही नाही, पण आमची अंडी चांगली असतात. बाई पक्की निघाली. मी खोली तिथेच घ्यायची ठरवली.

त्या खिंडीच्या रस्त्याला तीसच्या वर वळणं आहेत. तिकडे त्या वळणाला तोर्नान्ते (आपण आलो त्याच दिशेला तोंड करून मागे फिरवणारं वळण) म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांकाची पाटी असते. वळणांचं मला काही वाटत नव्हतं. भीती होती ती डाव्या स्टिअरिंगची. विमानाच्या तिकिटाचे पैसे सोमवारी भरायचे होते आणि ते परत मिळणारे नव्हते. म्हणून मी स्वतःला एक अट घातली. शनिवारी सपाटीवर, रविवारी घाटात, खोपोलीच्या वर शिंगरोबापर्यंत (घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं देऊळ), डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवायची. एकटीने, कोणाची मदत न घेता. जमलं तर सोमवारी पैसे भरायचे. नाही जमलं तर इटलीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

जीप हमीदभाईंची. त्यांचं कर्जतबाहेर गॅरेज आहे आणि माझा टेंपो ते वीस वर्षं दुरुस्त करत आले आहेत.

"ताई, ही माझ्या बापाची गाडी आहे," ते म्हणाले. "हिला मी फक्त लग्नात आणि शूटिंगला काढतो."

"मी लग्नात असल्यासारखीच चालवीन."

"लग्नात ढकलत नेतो, ताई."

भाड्यावरून आमचं दोनदा भांडण झालं. एकदा मी उठून रस्त्यापर्यंत गेले, एकदा ते उठून आत नमाजाला गेले. शेवटी त्यांनी डिझेल माझ्याकडे लावलं आणि भाडं कमी केल्याबद्दल मी एक आंब्याचं कलम त्यांच्याकडे. शूटिंगसाठी जीपला पत्र्याची दारं बसवली होती आणि त्यावर 'पोलीस' रंगवलेलं होतं. हमीदभाईंनी ते खरवडून काढलं होतं, पण अक्षरं ऊन पडलं की दिसत.

डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत गिअर उजव्या हाताला येतो. माझ्या डाव्या हाताला हे तीस वर्षांत कोणी सांगितलेलं नव्हतं. कडाव येईपर्यंत मी गिअर समजून तीनदा दाराचं हँडल ओढलं आणि एकदा दार उघडलं. पुढे हात शहाणा झाला. मे महिन्याचं ऊन सकाळीच तापायला लागलं होतं, दोन्ही बाजूंना भाताची वावरं राब भाजून काळी पडलेली होती आणि मागे भीमाशंकरच्या बाजूचे डोंगर धुरकट दिसत होते.

मग मला खरी अडचण कळली. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते. स्टिअरिंगही डावीकडे असलं की चालवणारा रस्त्याच्या कडेला, गटाराच्या डोक्यावर बसतो. पुढे एखादं वाहन असलं की त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. माझ्यापुढे पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर होता. समोरून कोणी येतं का, हे बघायला मला उजव्या सीटवर जाऊन बसावं लागलं असतं. मी कशेळ्यापर्यंत ट्रॅक्टरच्या मागे गेले. पेंढा उडून माझ्या केसांत बसला. ट्रॅक्टरवाला अधूनमधून हात दाखवून पुढे जा म्हणत होता. त्याच्या हातावर विश्वास ठेवणं ही मदत झाली असती, म्हणून मी गेले नाही.

कळंबला रोपवाटिकेत कामगार मला बघून हसले. मी दोघांना ओरडले, पाणी प्यायले आणि परत फिरले. येताना भिवपुरी कॅम्पच्या फाट्याला चहासाठी थांबले. आमचे यजमान तिथल्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, त्या क्वार्टर्समध्ये आम्ही सतरा वर्षं काढली. फाट्यावरच्या टपरीमागे पिंपळाखाली चौघं जण पत्ते खेळत होते. जीप उभी राहताच चौघं पत्त्यांवर बसले. ऊन दारावर पडलेलं होतं.

टपरीवाल्याने भजी आणून दिली आणि पैसे नको म्हणाला. मी विचारलं, का? तो म्हणाला, "तुमच्याकडनं कसले, मॅडम?" आयुष्यभर घासाघीस करून मला कोणी भजी फुकट दिली नव्हती. मी पैसे ठेवले. तो जास्तच घाबरला.

दुपारी घरी आले तेव्हा यजमानांनी विचारलं, "जमलं?"

"सपाट जमलं."

"केसांत पेंढा आहे," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

रविवारी पहाटे निघून मी पळसदरीच्या रस्त्याला लागले. हा रस्ता डोंगराच्या पोटातून खोपोलीकडे जातो. एका बाजूला रेल्वेची लाइन घाट चढायला लागते, दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी मे महिन्यातलं, तळाशी गेलेलं. सुटीला आलेल्या मुंबईच्या गाड्या अजून झोपलेल्या होत्या. मी धरणाच्या जवळ रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबले. तेव्हा वरच्या ठाकूरवाडीच्या पायवाटेने एक म्हातारी उतरली. डोक्यावर हारा (बांबूची मोठी टोपली), त्यात करवंदं, वर पळसाची पानं झाकलेली. तिने जीपभोवती एक चक्कर मारली.

"खोपोलीला जाते का गं बाय?"

"जाते."

"मंग आमाला ने."

"आमाला म्हणजे किती जण?"

"मी आन हारा."

मी नाही म्हणणार होते. अट होती. पण अट मदत घेण्याबद्दल होती, मदत करण्याबद्दल नव्हती. म्हातारी सवयीने डाव्या बाजूला आली, दार उघडलं आणि मला स्टिअरिंगमागे बघून थांबली.

"हितं तं तू बसलीस."

"तिकडून बसा, मावशी."

"गाडी उलटी हाय का?"

"गाडी बरोबर आहे. बसा."

तिचं नाव हौसाबाई. ती हारा मांडीवर घेऊन बसली आणि पहिल्या वळणालाच म्हणाली की टेंपो याहून बरा असतो. दोन किलोमीटरवर विटांनी भरलेला टेंपो आडवा आला. आडवा म्हणजे पुढे, पण तो हलत नव्हता असंच म्हणायला हवं. मी मागे राहिले. हौसाबाई उजवीकडे, रस्त्याच्या मध्यावर बसलेली. तिला सगळं दिसत होतं.

"जा ना," ती म्हणाली. "कोन नाय."

मी गेले नाही.

"अगं जा की! बैलगाडी हाय का ही?"

मला वाटलं, ती आपणहून बोलते आहे. मी विचारलेलं नाही. न मागता मिळालेली माहिती मदतीत धरायची का, याचा निकाल मी माझ्या बाजूने लावला आणि पुढे गेले. रस्ता खरंच मोकळा होता. मग पुढे एक रिक्षा आली, तेव्हा मीच विचारलं, "मावशी, कोणी येतंय का?" ती म्हणाली, "नाय." गेले. मग एक ट्रॅक्टर. "येतंय का?" "नाय." गेले. अटीचं काय झालं, हे मला कळत होतं. पण काल पेंढा खाल्ला होता.

आता माझा धंद्यातला एक अनुभव आहे. माणसाशी त्याच्या बोलीत बोललं की काम लवकर होतं आणि भाव उतरतो. वाडीवरच्या बायका माझ्याकडे रोपं भरायला येतात, तेव्हा मी 'हाय, नाय' करूनच मजुरी ठरवते. केळवलीच्या पुढे एक दुसरा टेंपो लागला, त्यात मंडपाचे बांबू. इंजिनाचा आवाज वाढलेला. मला म्हणायचं होतं की रस्ता मोकळा आहे का. एवढं सगळं म्हणायचा कंटाळा आला म्हणून मी तिच्यासारखं ओरडले, "मावशी, हाय का?"

हौसाबाईने मान बाहेर काढून बघितलं आणि जोरात सांगितलं, "हाय!"

मी गाडी बाहेर काढली. समोर ट्रक होता. तो खडीने भरलेला होता आणि त्याचा ड्रायव्हर माझ्याएवढाच आश्चर्यचकित दिसत होता. मी स्टिअरिंग पुन्हा डावीकडे ओढलं, ब्रेक दाबला, बांबूचा टेंपो निघून गेला आणि जीपचं डावं पुढचं चाक रस्त्याकडेच्या चरात जाऊन बसलं. म्हणजे मी बसले. चर माझ्याच बाजूला होता. हौसाबाई वर राहिली, हारा मात्र माझ्या अंगावर आला.

कोणाला लागलं नव्हतं, हे बघितल्याबरोबर मी ओरडायला सुरुवात केली.

"हाय म्हणालात ना तुम्ही! मग ट्रक कुठून आला?"

"ट्रक हाय म्हनून तं हाय बोल्ली!"

"मी मोकळं विचारलं होतं!"

"मोकळं कुठं बोल्लीस? हाय का, हाय का बोल्लीस. मंगापासनं काय इचारत व्हतीस? कोन येतंय का, कोन येतंय का. आता कोन येत व्हता. हाय बोल्ली. तुजी जीभ आखूड झाली तं माझा गुन्हा?"

लोकांच्या मालात खोट काढण्यावर माझं घर उभं आहे. तिच्या बोलण्यात मला खोट सापडेना.

"आन तू कंच्या वाडीची म्हनून हाय-नाय करतंस?" ती म्हणाली. "तुज्या तोंडात बसत नाय ते. तुजं तू बोल."

बांबूचा टेंपो पुढे जाऊन थांबला होता. त्यातले चौघं मंडपवाले आले, त्यांनी दोन बांबू चाकाखाली घातले आणि जीप उचलून रस्त्यावर ठेवली. एकाने दारावरची अक्षरं बघितली आणि चौघं घाईने टेंपोत जाऊन बसले. मदत न घेण्याची अट इथे चार माणसांनी आणि दोन बांबूंनी मोडली. मी ती मोडलेली मनात नोंदवली.

करवंदं निम्मी चरात होती. हौसाबाई म्हणाली की चरातली आता मी विकत घ्यायची. मी म्हणाले की मातीतली करवंदं कोण घेतं? ती म्हणाली, माती तुझ्या गाडीने लावली. मी अर्ध्या भावावर आले. ती हलली नाही. मी उठून जीपपर्यंत जाण्याची युक्ती केली, जी हमीदभाईंवर चालते. ती म्हणाली, "जा. मोरं बांबूवाला हाय का ते मी नाय सांगनार." मी चरातल्या सगळ्या करवंदांचा भाव कबूल केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा पहिल्या किमतीला घेतलेली ती वस्तू.

तिने चांगली उरलेली पळसाच्या पानाच्या द्रोणात भरून मला दिली. आंबटगोड, चीक ओठाला लागणारी, आत काळी पडलेली. आम्ही जीपच्या सावलीत उभं राहून खाल्ली. मग तिने नियम घातला. हाय नाही, नाय नाही. गाडी येत असली तर 'थांब', नसली तर 'जा'. दोन्ही शब्द दोन्हीकडच्या बोलीत एकच आहेत. पुढे वाहनं होती तोवर ती एवढेच दोन शब्द बोलली आणि दर वेळी खरे बोलली. खोपोलीच्या अलीकडे रस्ता रिकामा झाला, तेव्हा तिने विचारलं, "चाललीस कुठं पन?"

मी सांगितलं. सप्टेंबरात परदेशात जायचं आहे, तिथे अशीच गाडी आहे, घाट आहे, त्याचा सराव करते आहे.

"तिथं कोन हाय तुजं?"

"कोणी नाही."

"मंग?"

"डोंगर बघायचा आहे. मागे गेले होते तेव्हा गाडीतून उतरू दिलं नाही."

मला वाटलं, ती म्हणेल की डोंगर तर इथेही आहेत. सगळे तेच म्हणतात. ती म्हणाली, "उतरू दिलं नाय? गाडी कोनाची व्हती?"

"दुसऱ्याची."

"आन आता?"

"आता माझी असेल. भाड्याची, पण माझी."

"मंग जा," हौसाबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या डोंगराला उतरून पाय लावावा. बसून काय बघायचं?"

खोपोलीच्या बाजारात ती उतरली आणि मागे न बघता गर्दीत गेली. मी तिला 'या' म्हणाले, ते तिला ऐकू गेलं नसावं.

घाट मी एकटीने चढले. पुढे पाण्याचा टँकर होता. तो चालण्याच्या वेगाने जात होता आणि वळणावर त्याच्या मागच्या नळातून पाणी सांडत होतं. मला समोरचं दिसत नव्हतं आणि उजवीकडे सांगायला कोणी नव्हतं. मागून हॉर्न सुरू झाले. माझा स्वभाव असा की हॉर्न वाजला की मी खाली उतरून विचारते. या वेळी उतरले नाही. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. हात आता दाराकडे जात नव्हता. मागच्यांनी ओलांडून जाताना माझ्याकडे बघून काय म्हटलं ते मला ऐकू आलं, आणि ते मी ठेवून घेतलं. शिंगरोबापर्यंत टँकर माझ्या पुढेच होता. संपूर्ण घाट मी एकाही वाहनाच्या पुढे न जाता चढले. आयुष्यात असं कधी केलेलं नव्हतं.

देवळापाशी कडेला गाडी लावली, इंजिन बंद केलं, उतरले आणि उभी राहिले. खाली खोपोलीची घरं, पलीकडे कारखान्यांच्या पांढऱ्या पत्र्यांवर ऊन, डोंगर एकामागे एक फिकट होत गेलेले. मी ठरवलं की मला वाटेल तेवढा वेळ उभं राहायचं.

एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने विचारलं, "बंद पडली का, मॅडम?" मी म्हणाले, नाही, उभी आहे. तो देवाला नाणं टाकून गेला. मग मोटारसायकलवरचं जोडपं थांबलं. बाई म्हणाली, "काकू, कोणाला फोन करायचाय का?" नाही, उभी आहे. "बरं वाटत नाही का?" बरं वाटतंय. मग एक भाजीचा टेंपो थांबला. त्याने काही न विचारता उतरून बॉनेट उघडलं. मी त्याला बंद करायला लावलं, जरा जोरात. तो म्हणाला, "मंग हितं का उभ्या?"

मी घड्याळ बघितलं. सात मिनिटं झाली होती. आणि खरं सांगायचं तर डोंगर बघून झाला होता. पाय दुखत होते. अकरा वर्षं ज्यासाठी धुमसत होते ते सात मिनिटांत आटोपलं, म्हणजे तेरा मिनिटांचा दंड मला मुळात जास्तच पडला होता. तिथे खिंडीत मला कोणी काही विचारणार नाही, हेही लक्षात आलं. तिथे बॉनेट कोणी उघडणार नाही. चाक चरात गेलं तर ते माझं मीच बघायचं.

इथे मी स्वतःशीच घासाघीस केली. हौसाबाई सपाटीला होती, घाटात नव्हती. मंडपवाले स्वतःहून आले, मी बोलावलं नव्हतं. घाट पूर्ण माझा. समोरची बाजू म्हणाली, अट म्हणजे अट. मी म्हणाले, घाट कठीण, सपाट सोपं, कठीण ते जमलं. समोरची बाजू म्हणाली, टँकरच्या मागे राहणं म्हणजे जमणं का? दोन्ही बाजूंना मीच असल्यामुळे भाव ठरेना. मी खाली उतरले. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला कमीत कमी हात लावत.

दुपारी जीप परत केली. चाकाजवळ पत्रा वाकला होता तो हमीदभाईंनी लगेच बघितला. मी काय झालं ते सांगितलं, कडेला बसल्यामुळे पुढचं दिसत नाही, हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी टेबलावर बिस्किटाचे दोन पुडे ठेवले.

"ताई, तिकडे लोक रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालवतात?"

"उजव्या."

"आणि स्टिअरिंग?"

"डावीकडे."

त्यांनी एक पुडा टेबलाच्या उजव्या कडेला सरकवला आणि त्याच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं. "म्हणजे तुम्ही इथे बसणार. रस्त्याच्या मध्यावर. सगळं दिसणार. जसं इथे उजव्या स्टिअरिंगला दिसतं तसं. शेजारी कोणाची गरज नाही. तुम्ही दोन दिवस जो त्रास काढला, तो त्रास तिकडे नाहीच."

मी पुडा माझ्याकडे ओढला. "हे तुम्ही शनिवारी का नाही सांगितलं?"

"मला वाटलं ताईंना माहीत असणार. तुम्ही भाड्यावर एवढं बोललात, मध्ये जागा कुठे होती?"

म्हणजे हौसाबाई, बांबू, सगळं अटीतून वजा करता येत होतं. इटलीत ते लागणारच नव्हतं. अशी सूट समोरून चालून आली की मी ती हातची सोडत नाही. या वेळी मी ती घेतली नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. टँकरच्या मागचा घाट मला तसाच, पूर्ण किमतीला हवा होता. पत्र्याच्या दुरुस्तीचेही पैसे हमीदभाईंनी सांगितले तेवढे दिले. त्यांनी विचारलं, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

संध्याकाळी यजमानांना सगळं सांगितलं. चरासकट. त्यांनी पेपर बाजूला ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "मग तिकडे बाजूला बसायला मी यायला हवं का?"

हा प्रश्न ते कधीतरी विचारतील, हे मला माहीत होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे अकरा वर्षं तयार होतं. ते ऐकून त्यांचा चेहरा कसा पडेल, हेही मी बघून ठेवलं होतं.

"नको," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला नाही. ते खुर्चीत सैल झाले. "बरं झालं बाई," ते म्हणाले. "त्या वळणांवर मला मळमळतं. त्या दिवशी बसमध्ये मी पिशवी हातात धरून बसलो होतो. तुझ्या उशिरामुळे खिंडीत थांबणार नाही, सरळ खाली जाणार म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं, मी टाळ्याच वाजवल्या."

"मग सगळे वाजवत होते असं का सांगितलंत?"

"सगळेही वाजवत होते."

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवाज करून लावली, पण मन लागेना.

सोमवारी सकाळी पल्लवी लॅपटॉप घेऊन आली. विमान निवडलं, तारीख निवडली. मग तिने विचारलं, "प्रवासी किती?" आणि माझ्याकडे बघून काकांकडे बघितलं.

मी आणि यजमान एकदमच म्हणालो, "एक."

पल्लवीने एक लिहिलं. पैसे गेले. आता ते परत मिळणार नाहीत. यजमान चहा करायला उठले, गुणगुणत. या प्रवासासाठी मी जो राग सांभाळला होता, तो ज्याच्यावर काढावा असं कोणीच आता राहिलेलं नाही, आणि तरी मी जाणारच आहे. सप्टेंबरपर्यंत या गोष्टीची सवय करावी लागेल.